बॅस रीव्झ यांचा कुलशोध

अमेरिकेच्या सरहद्दीवरील कृष्णवर्णीय डेप्युटी मार्शल (संघीय न्यायालयाची वॉरंटे बजावणारा अधिकारी) बॅस रीव्झ यांच्या घराण्याचा माग नातेवाइकांच्या आठवणी व जनगणनेची दप्तरे यांच्या आधारे काढण्याचे काम. रीव्झ यांचा जन्म अर्कान्सामधील क्रॉफर्ड काउंटीत जुलै १८३८ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १२ जानेवारी १९१० रोजी मस्कोगी (ओक्लाहोमा) येथे ते वारले.

१८७५ मध्ये फोर्ट स्मिथ येथील न्यायाधीश आयझॅक पार्कर यांच्या न्यायालयासाठी त्यांची नेमणूक झाली. हद्द होती इंडियन टेरिटरी, म्हणजे आजच्या ओक्लाहोमाचा मोठा भाग. १९०७ मध्ये ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत ते या कामावर होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेऊन ते ध्यानात ठेवत. त्यांच्या नोकरीची न्यायालयीन कागदपत्रे भरपूर आहेत. त्यांच्या आईवडिलांचा शोध मात्र फार अवघड आहे, आणि त्याचे कारण एकच : रीव्झ गुलामीत जन्मले.

१८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद वेगळ्या तक्त्यावर झाली. त्यात नाव मालकाचे. त्याखाली प्रत्येक गुलामासाठी एक ओळ आणि त्या ओळीत वय, लिंग व वर्ण एवढेच. पुढे राज्यातून पळून गेलेल्यांसाठी एक रकाना, मुक्त केलेल्यांसाठी एक, आंधळे-बहिरे-मुके व वेडसर यांच्यासाठी आणखी एक. पळालेला गुलाम मोजायला सरकारने रकाना आखला, पण त्याचे नाव लिहायला जागा ठेवली नाही. दक्षिणेतील लाखो कुटुंबांचा इतिहास या एका तक्त्यापाशी अडतो.

म्हणून अशा शोधात आधी मालकाचे घराणे धरावे लागते. रीव्झ हे आडनाव विल्यम स्टील रीव्झ या अर्कान्साच्या विधिमंडळ सदस्याकडून आले. १८४६ च्या सुमारास हे घराणे टेक्ससच्या ग्रेसन काउंटीत गेले. लहानगा बॅसही त्यांच्याबरोबर गेला. मालकाचा मुलगा जॉर्ज पुढे त्याच काउंटीचा शेरीफ, यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेच्या घोडदळाचा कर्नल आणि अखेरीस टेक्ससच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती झाला. अशा घराण्याचे कागद जपले जातात, आणि त्यांच्या आडोशाने गुलामाच्या मुक्कामांचा अंदाज बांधता येतो. ग्रेसन काउंटीच्या १८५० च्या तक्त्यात रीव्झ मालकाच्या नावाखाली साधारण बारा वर्षांचा मुलगा शोधायचा, १८६० मध्ये बाविशीचा तरुण. तशी ओळ सापडली तरी तो बॅसच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वये अंदाजे सांगितली जात, आणि माणसे भाड्यानेही दिली जात. गुलामांची नावे मिळालीच तर ती मृत्युपत्रात किंवा मालमत्तेच्या यादीत मिळतात, गुराढोरांच्या शेजारी, किमतीसह.

येथून पुढचा दुवा नातेवाइकांकडे. कौटुंबिक परंपरेनुसार बॅस हे नाव आजोबा बॅस वॉशिंग्टन यांच्यावरून ठेवले गेले. युद्धकाळात पत्त्यांच्या डावावरून जॉर्जशी हाणामारी झाली आणि बॅस इंडियन टेरिटरीत पळाले, ही हकीकतही घरातूनच आली. बॅस यांचे आप्त, संघीय प्रशासकीय न्यायाधीश पॉल ब्रेडी यांनी अशा आठवणी २००५ मध्ये ग्रंथरूपाने मांडल्या. केवळ कागदाचा पुरावा मानणारे संशोधक या आठवणींना दुय्यम लेखतात, ते बरोबर नाही. ज्यांचे नाव लिहायचेच नाही असे कागदाने ठरवले होते, त्यांच्या बाबतीत तोंडी हकीकत हाच पहिला पुरावा ठरतो. ती तारखा-ठिकाणांशी ताडून पाहिली पाहिजे, हे खरेच. पण सभापतीच्या घरचे दप्तरही तसेच ताडून पाहावे लागते.

१८७० च्या जनगणनेत मुक्त झालेली कृष्णवर्णीय माणसे प्रथमच सरसकट नावानिशी आली. बॅस तोवर अर्कान्सात परतून व्हॅन ब्यूरनजवळ पत्नी जेनी व मुलांसह शेती करत होते. या गणनेत कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिलेले नसते, त्यामुळे एका घरातील मूल हे मुलगा की भाचा, हे कळत नाही. नाते आणि आईवडिलांची जन्मस्थळे हे रकाने १८८० मध्ये आले. १८९० ची बहुतेक दप्तरे जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीत व त्यानंतर नष्ट झाली. रीव्झ यांच्या भर उमेदीचे दशक त्यातच गेले. १९०० मध्ये जन्माचा महिना व वर्षही विचारले गेले. १९१० च्या गणनेची संदर्भतारीख १५ एप्रिल होती आणि रीव्झ जानेवारीतच वारले होते. म्हणजे नावानिशी शोध घेण्यासाठी १८७०, १८८० व १९०० या तीनच गणना उरतात. त्यांतही प्रगणक कानावर पडेल तसे लिहीत असल्याने आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगे तपासावी लागतात.

रीव्झ यांच्या मृत्यूनंतरही त्यांच्या मुलांच्या नोंदी उपयोगी पडतात. १९३० पर्यंतच्या जनगणनांत प्रत्येकाच्या आईवडिलांचे जन्मस्थळ विचारले जाई. काही जुन्या लिखाणात रीव्झ यांचा जन्म टेक्ससमध्ये झाल्याचे म्हटले आहे. अर्कान्सा की टेक्सस, हे पडताळताना या मुलांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे.