नावाचा खुंटा

वाळून तपकिरी झालेली एक फांदी. फुलांचा रंग कधीच उडालेला, दोन-तीन पानं किडीने खाल्लेली. जाड कागदावर ती दोऱ्याच्या टाक्यांनी बसवलेली आहे, गळालेल्या बिया बाजूच्या कागदी पुडीत, आणि कोपऱ्यातल्या लेबलवर कोणी, कुठे, कधी गोळा केली ते लिहिलेलं. अशा हजारो कागदांमधून हर्बेरियमवाले, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळणारे, काही मोजके कागद वेगळ्या, बहुधा लाल काठाच्या फोल्डरमध्ये जपतात. हे टाइप नमुने. वनस्पतीचं शास्त्रीय नाव यांनाच बांधलेलं असतं.

नाव वर्णनाला का नाही बांधत? कारण 'पानं लांबट, फुलं पांढरी' यात डझनभर झाडं सहज मावतात. एकच समजलेली जात पुढे दोन निघाली, तर ज्या जातीत टाइप मोडतो तिच्याकडे जुनं नाव राहतं. तो नमुना त्या जातीचा उत्तम प्रतिनिधी असलाच पाहिजे असंही नाही; खुरटा असला तरी खुंटा तोच.

नवी जात जाहीर करताना टाइप सांगणं १ जानेवारी १९५८ पासून सक्तीचं आहे. खरी डोकेदुखी जुन्या नावांची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ सालच्या ग्रंथात हजारो वनस्पतींना नावं दिली, पण टाइप ही कल्पनाच तेव्हा नव्हती. मग आजचा अभ्यासक त्याने वापरलेल्या साहित्यातून एक नमुना निवडतो, तो लेक्टोटाइप. हे काम जवळजवळ पोलीस तपासाचं. लंडनच्या लिनियन सोसायटीत त्याचे कागद आहेत, पण अमुक कागद १७५३ पूर्वी त्याच्याकडे होता का? नंतर आलेला असेल तर तो बाद. कागदावर लिनियसच्या हातचा, त्याच्या ग्रंथातला जातीचा क्रमांक सापडला की जीव भांड्यात पडतो. कधी एकाच कागदावर दोन वेगळ्या जातींच्या फांद्या निघतात. कधी नमुनाच नसतो: मलबारच्या कित्येक झाडांसाठी लिनियसने 'होर्टुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या जुन्या सचित्र ग्रंथातल्या चित्रांवर भिस्त ठेवली, आणि आज ती छापील चित्रंच टाइप आहेत. चित्रावरून जात नक्की ठरत नसेल, तर सोबतीला एक खरा नमुना नेमतात, त्याला एपिटाइप म्हणतात.

निवड जपूनच करावी लागते. नियमात बसणारी पहिली निवड पुढच्या सगळ्यांना बांधते, आणि चुकीचा कागद उचलला तर रुळलेलं नाव भलत्याच झाडाला जाऊन चिकटतं. मूळ साहित्य उरलंच नसेल तर नवा नमुना, निओटाइप, नेमतात. मार्च १९४३ मध्ये बर्लिनचं हर्बेरियम बॉम्बहल्ल्यात जळालं, तेव्हा कितीतरी नावांचे टाइप राख झाले.

क्वचित खुंटाच हलवतात. अकेशिया या प्रजातीचा (प्रजाती म्हणजे अनेक जातींचा गट, जीनस) टाइप बाभूळ होती. प्रजातीचे तुकडे करायची वेळ आली तेव्हा नाव बाभळीच्या गटाकडे राहिलं असतं आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत टाइप म्हणून एक ऑस्ट्रेलियन जात नेमली गेली. बाभळीच्या गटातल्या बऱ्याच जाती आफ्रिकेत, म्हणून आफ्रिकेच्या बाजूने बरीच ओरड झाली. मला ती रास्त वाटते. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तोच निर्णय कायम झाला, आणि बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आहे.