पैशाविना मोजलेली किंमत

अर्थशास्त्र म्हणजे संपत्तीचे शास्त्र, ही जुनी समजूत. तिला मोठा धक्का दिला तो एका व्याख्येने. लंडनमध्ये शिकवणाऱ्या लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली मांडले की, माणसाच्या इच्छा अनेक असतात, साधने अपुरी असतात आणि तीच साधने वेगवेगळ्या कामी लावता येतात. अशा वेळी तो निवड कशी करतो, हा अर्थशास्त्राचा विषय. यात पैशाचा उल्लेखच नाही. अपुरेपणा वेळेचाही असतो. संध्याकाळ एकच आणि ती मित्राला द्यायची की अभ्यासाला, हा प्रश्नही मग अर्थशास्त्राचाच झाला. जे सोडून द्यावे लागले ती त्या निवडीची किंमत. पाठ्यपुस्तके तिला संधिखर्च म्हणतात.

हे सूत्र सर्वांत लांब ताणले ते अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी. १९५७ मध्ये त्यांनी भेदभावावर पुस्तक लिहिले. नावडत्या गटातल्या कुशल माणसाला नाकारणारा मालक स्वतःच्या नफ्यावरही पाणी सोडतो, म्हणजेच पूर्वग्रहाची किंमत मोजतो, असा त्यांचा युक्तिवाद. १९६५ मध्ये त्यांनी वेळेचा हिशेब मांडला: कमाई वाढली की वेळ महागतो आणि ज्या कामांत वेळ फार जातो ती सगळी महागतात, मुले वाढवणेसुद्धा.

गुन्ह्याकडे ते कसे वळले, याची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाले होते, उशीर झालेला. गाडी पैसे भरून वाहनतळावर लावायची की नियम मोडून रस्त्यावर? पकडले जाण्याची शक्यता किती, दंड किती, हे त्यांनी मनातल्या मनात ताडले आणि गाडी रस्त्यावर लावली. (दंड झाला नाही.) १९६८ चा गुन्हा आणि शिक्षेवरचा त्यांचा प्रसिद्ध लेख याच विचारातून आला. १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

याच काळात अँथनी डाउन्स यांनी मतदाराकडे आणि मॅन्कर ओल्सन यांनी संघटनांतल्या फुकट्यांकडे याच चष्म्यातून पाहिले. परक्या प्रांतात घुसखोरी, अशी टीका झाली. मला ती अर्धीच पटते. अॅडम स्मिथ यांचे पहिले पुस्तक, १७५९ चे, नीतिभावनांवर होते. बाजारावरचे त्यानंतर सतरा वर्षांनी आले. म्हणजे हा प्रांत अर्थशास्त्राला परका नव्हताच.

टीकेचा उरलेला अर्धा भाग मात्र खरा: माणसांचे सगळे वागणे नफा-तोट्याच्या हिशेबात बसत नाही. सामाईक कुरणे, मासेमारीची ठिकाणे लोक आपसांतल्या नियमांनी टिकवतात, हे राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात दाखवले. त्याहून बोचरा पुरावा इस्रायलमधल्या हैफा शहराचा. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या १० पाळणाघरांची २० आठवडे पाहणी केली. त्यांपैकी ६ ठिकाणी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना पाचव्या आठवड्यापासून १० शेकेल दंड लावला. साध्या हिशेबाने उशीर घटायला हवा होता. तो वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी शिक्षिका ताटकळेल म्हणून पालकांना ओशाळे वाटायचे. आता तिचा वेळ विकत मिळत होता, तोही स्वस्तात. सतराव्या आठवड्यात दंड उठवला. उशिरा येणारे काही कमी झाले नाहीत.