बॉम्बर म्हणून जन्मला, टपाल वाहत बसला: फारमान एफ २२० ची गोष्ट

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली फ्रेंच बॉम्बर विमानं दिसायला कशी होती हे एकदा गुगल करून बघाच, म्हणजे खोक्याला पंख लावलेत की काय असं वाटतं. फारमान कंपनीचं एफ २२० त्याच घराण्यातलं. पहिलं उड्डाण २६ मे १९३२, बनलं फक्त एक, आणि आज विमानवेड्यांमध्येसुद्धा फार कमी लोकांना त्याचं नाव माहितीये. पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने मला ते भारी वाटतं, कारण त्याची चार इंजिनं.

तेव्हा जड बॉम्बर उचलायला पुरेल असं एकच दणकट इंजिन मिळतच नव्हतं. फारमानने ६०० हॉर्सपॉवरची चार हिस्पानो-सुइझा इंजिनं घेतली, पण ती पंखावर ओळीने नाही लावली. मुख्य पंखाच्या खाली, बॉडीच्या दोन्ही बाजूंना छोटे आखूड पंख काढले आणि प्रत्येकावर दोन इंजिनं पाठीला पाठ लावून बसवली, पुढचं विमानाला ओढतं आणि मागचं ढकलतं.

आता याचा फायदा काय? एक म्हणजे हवेला सामोरं जाणारं तोंड कमी होतं. चार इंजिनांची चार वेगळी खोकी हवेत घुसवण्यापेक्षा दोनच घुसवायची, म्हणजे ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी. दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बैलगाडीचा एक बैल बसला की गाडी त्याच बाजूला वळते ना, तसंच विमानाचं एका बाजूचं इंजिन बंद पडलं की नाक त्या बाजूला खेचलं जातं, आणि इंजिन मध्यरेषेपासून जितकं लांब तितकी ही ओढ जास्त, मग पायलटला रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून धरत बसावं लागतं. फारमानची इंजिनं बॉडीला चिकटूनच होती, शिवाय जोडीतलं एक गेलं तरी त्याच बाजूला दुसरं चालूच, त्यामुळे ही ओढाताण कमी.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पुढच्या इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) हवा मागे फेकतो आणि फेकताना तिला पीळही देतो, मग मागच्या पंख्याला आधीच वेगात आलेली आणि गरगरणारी हवा मिळते, त्यामुळे त्याचं काम बिघडतं. इथे एक गंमत आहे, एकाच जातीचं इंजिन तोंड फिरवून उलटं बसवलं की समोरून बघताना त्याचा पंखा आपोआप पहिल्याच्या उलट्या दिशेने फिरतो, आणि उलटं फिरल्यामुळे हवेतला तो पीळ थोडाफार सुटतो व वाया जाणारी ताकद काही प्रमाणात परत मिळते. फक्त मागच्या पंख्याची पाती आरशात बघितल्यासारखी उलट्या हाताची बनवावी लागतात. मागच्या इंजिनाच्या कूलिंगची डोकेदुखी असतेच, कारण पुढच्याने तापवलेली हवा त्याच्याकडे येते.

एफ २२० वरून पुढे एफ २२१ आणि एफ २२२ हे खरेखुरे बॉम्बर निघाले आणि फ्रेंच हवाई दलात गेले. मूळ प्रोटोटाइपचं, म्हणजे त्या एकुलत्या एक एफ २२० चं काय झालं? त्याचं बॉम्बरचं सामान काढून टाकलं, नाव ठेवलं ‘ले सांतोर’ आणि १९३५ मध्ये त्याला आफ्रिकेतलं डाकार ते ब्राझीलमधलं नाताल अशा दक्षिण अटलांटिकच्या टपाल मार्गावर लावलं. तासन् तास खाली नुसतं पाणी असताना चार इंजिनं म्हणजे केवढा आधार, बॉम्बरपेक्षा हेच काम त्याला जास्त शोभलं असं माझं मत.

याच घराण्यात नेमका उलटा प्रकारही घडला. एअर फ्रान्सच्या टपालासाठी एफ २२३.४ नावाची तीन विमानं बनली, त्यातल्या एकाचं नाव ‘ज्यूल व्हर्न’, हो, ज्याच्या गोष्टी आपण मराठीत वाचल्यात तोच. युद्ध सुरू झाल्यावर ती फ्रेंच नौदलाने घेतली. ७ जून १९४० ला ‘ज्यूल व्हर्न’ एकटंच कमांडर दाइयेर यांच्या हाताखाली बोर्दोजवळच्या मेरिन्याकहून निघालं, समुद्रावरून वळसा घालत डेन्मार्क ओलांडून बाल्टिक समुद्रावर आणि तिथून खाली बर्लिनवर. २५० किलोचे आठ बॉम्ब खाली लटकवलेले, आणि छोटे आग लावणारे बॉम्ब क्रूने चक्क दारातून हाताने बाहेर ढकलले! टपालाच्या विमानाला बॉम्बचा कप्पा कुठून असणार. नुकसान फार झालं नाही, पण ब्रिटिशांच्या आधी दोन-अडीच महिने बर्लिनवर बॉम्ब टाकणारं विमान हेच.

पुढे-मागे इंजिन लावायची आयडिया मेली नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात सेसना स्कायमास्टर आलं, नाकात एक इंजिन आणि शेपटीकडे दुसरं. एक बंद पडलं तरी विमान सरळच चालतं, पण त्याचीच अडचण झाली, मागचं इंजिन पायलटला दिसत नाही आणि बंद पडलं तरी नाक कुठेच वळत नाही, त्यामुळे काही पायलट मागचं बंद असतानाच धावपट्टीवर पळत सुटले. शेवटी एका इंजिनावर टेकऑफ करू नका, अशी पाटी कॉकपिटमध्ये लावायला लागली.