विल्स, टॉमस वेंटवर्थ

(१९ ऑगस्ट १८३५ – २ मे १८८०). ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू आणि ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. टॉम विल्स या नावाने प्रसिद्ध. जन्म न्यू साउथ वेल्स वसाहतीत. जन्मस्थळ वादग्रस्त असले, तरी सामान्यतः आजच्या कॅनबेराजवळचा मोलोंग्लो परिसर ग्राह्य धरतात. आजोबा एडवर्ड विल्स हद्दपारीची शिक्षा होऊन १७९९ मध्ये सिडनीला आले होते. वडील होरेशिओ यांनी मेंढ्यांच्या धंद्यात पैसा मिळवला आणि सु. १८४० मध्ये व्हिक्टोरियाच्या पश्चिम भागात, ग्रॅम्पियन्स डोंगराजवळ, लेक्सिंग्टन येथे बस्तान बसवले. ही भूमी जाब वुरंग आदिवासींची. टॉम त्यांच्या मुलांत खेळला आणि त्यांची भाषाही शिकला.

१८५० मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला इंग्लंडमधील रग्बी स्कूलमध्ये पाठवण्यात आले. अभ्यासात त्याने विशेष चमक दाखवली नाही, पण तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला. पुढे केंट परगणा व एमसीसी (लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) या संघांकडून तो खेळला. १८५६ मध्ये केंब्रिजचा रीतसर विद्यार्थी नसतानाही तो केंब्रिजतर्फे ऑक्सफर्डविरुद्ध मैदानात उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो मेलबर्नला परतला. सोन्याच्या खाणींमुळे भरभराटीला आलेल्या त्या शहरात तो थोड्याच काळात वसाहतीचा पहिल्या प्रतीचा क्रिकेटपटू मानला जाऊ लागला.

१० जुलै १८५८ रोजी ‘बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया’ या साप्ताहिकात त्याचे एक पत्र छापून आले. क्रिकेटचा हंगाम संपल्यावर खेळाडू कोशातल्या किड्यासारखे निपचित पडतात. त्यापेक्षा हिवाळ्यासाठी फुटबॉल क्लब काढावा, आणि ते जमत नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढावा, असे त्यात सुचवले होते. खेळाडूंच्या पायांनी मैदानाचे गवत चांगले दबेल, हाही मुद्दा त्याने मांडला. यातून स्पष्ट दिसते, की त्या क्षणी विल्सच्या मनात नवा खेळ नव्हता, क्रिकेटपटूंची तब्येत होती. हे पत्र म्हणजे खेळाची जन्मपत्रिकाच, असे समजणाऱ्यांनी ते मुळातून वाचावे.

७ ऑगस्ट १८५८ रोजी मेलबर्न ग्रामर आणि स्कॉच कॉलेज या शाळांमध्ये प्रत्येकी सुमारे ४० खेळाडूंचा सामना सुरू झाला. विल्स आणि जॉन मॅकॅडम हे पंच होते. (मॅकॅडेमिया या फळाचे नाव याच मॅकॅडमवरून पडले.) सामना तीन शनिवारी खेळला गेला आणि प्रत्येकी एक गोल होऊन बरोबरीत सुटला.

मे १८५९ मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापन झाला. १७ मे रोजी विल्स, विल्यम हॅमर्स्ली, जेम्स थॉम्पसन आणि टॉमस स्मिथ यांनी दहा नियम लिहून काढले. गोलांमधील अंतर दोन्ही कर्णधारांनी ठरवायचे होते. पायाने मारलेला चेंडू थेट झेलला, तर ‘मार्क’ पुकारून खेळाडूला मोकळा फटका मिळे. चेंडू जमिनीवरून उचलायला आणि फेकायला बंदी होती. पायात पाय घालून पाडणे मूळ नियमांत चालत असे; ते लवकरच बंद झाले. चेंडूच्या पुढे थांबलेल्या खेळाडूला खेळायला मनाई करणारा ऑफसाइडचा नियमच नव्हता, आणि खेळाला पुढे जे मोकळे रूप आले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या अभावात आहे. विल्सचा आतेभाऊ आणि पुढे मेहुणा झालेला एच. सी. ए. हॅरिसन याने १९२३ मधील आठवणींत म्हटले आहे, की विल्सने रग्बीचे नियम सुचवले होते, पण ते त्याच्याखेरीज कोणालाच समजेनात. हॅरिसनने १८६६ मध्ये नियमांची फेररचना केली आणि पुढे ‘फुटबॉलचा जनक’ हे बिरुद बराच काळ त्यालाच मिळाले.

१८६१ मध्ये विल्स वडिलांसोबत क्वीन्सलँडमधील कलिन-ला-रिंगो येथे गेला. १७ ऑक्टोबर रोजी तेथील आदिवासींनी तळावर हल्ला केला. होरेशिओसह १९ जण मारले गेले. टॉम सामान आणायला गेल्यामुळे वाचला. आधी शेजारच्या गोऱ्यांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबाराचा हा सूड होता, असे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्युत्तरादाखल गोऱ्यांनी आणि पोलिसांनी कित्येक पट आदिवासी मारले. १८९५ मधील एका अमेरिकी वृत्तपत्रातील कथन २०२१ मध्ये उजेडात आले. त्यावरून विल्सही या सूडात सामील असावा, असे म्हटले जाते. मात्र घटनेनंतर तीन दशकांनी छापलेल्या या मजकुरावर संपूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

असे असूनही १८६६ मध्ये त्याने पश्चिम व्हिक्टोरियातील आदिवासी क्रिकेट संघाला प्रशिक्षण दिले. २६ डिसेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर हजारो प्रेक्षकांसमोर तो या संघाचा कर्णधार होता. नामवंत आदिवासी क्रिकेटपटू जॉनी मुला या संघातलाच. १८६८ च्या इंग्लंड दौऱ्यावर संघ गेला तो मात्र चार्ल्स लॉरेन्सच्या नेतृत्वाखाली. विल्स पुढे जिलाँग क्लबकडून फुटबॉल खेळला. १८७२ मध्ये चेंडू फेकतो म्हणून पंचांनी त्याची गोलंदाजी अवैध ठरवली. दारूचे व्यसन वाढत गेले आणि हायडेलबर्ग येथे त्याने आत्महत्या केली. त्याच्या कबरीवर दगड बसायला १९८० साल उजाडले.

विल्सविषयीचा सर्वांत मोठा वाद मार्नग्रूक या आदिवासी चेंडूखेळाचा आहे. जेम्स डॉसनने १८८१ मध्ये पश्चिम व्हिक्टोरियातील अशा खेळाचे वर्णन केले आहे. चेंडू संत्र्याएवढा, पॉसम प्राण्याचे कातडे केस आत घेऊन शिवायचे, आत कोळशाची पूड भरायची आणि कांगारूच्या स्नायूंच्या दोऱ्यांनी घट्ट आवळायचे. उंच उडालेला चेंडू झेपावून झेलणे ही या खेळातली खरी गंमत. विल्सने बालपणी हे पाहिले आणि त्यातून मार्क पकडण्याची कल्पना आली, असे जिम पूल्टर यांच्यासारखे अभ्यासक मानतात. इतिहासकार गिलियन हिबिन्स यांनी २००८ मध्ये ते ठामपणे अमान्य केले. थेट झेलाबद्दल मोकळा फटका देण्याची रीत इंग्लंडच्या शाळांत आधीच होती आणि विल्सच्या उपलब्ध पत्रांत मार्नग्रूकचा उल्लेख नाही, ही त्या बाजूची मुख्य प्रमाणे. चरित्रकार ग्रेग द मूर यांनाही थेट दुवा सापडला नाही. लेखी नियमांपुरते पाहिल्यास दुसरी बाजू सबळ दिसते. तथापि अभ्यासक जेनी हॉकिंग यांनी मानवशास्त्रज्ञ हॉविट याच्या कागदपत्रांतून पुढे आणलेली नोंद दुर्लक्षिण्याजोगी नाही. तीत जॉनी कॉनोली नावाचा आदिवासी लहानपणी ग्रॅम्पियन्स भागात हा खेळ खेळल्याचे सांगतो. म्हणजे विल्स वाढला त्या परिसरात खेळ होता, एवढे तिने सिद्ध होते. त्याने तो पाहिला का, हे नव्हे. शिवाय चेंडूवर झेप घेण्याची आजची शैली १८५९ च्या नियमांत नाही, ती नंतरच्या खेळाडूंनी रुळवली. तेव्हा आदिवासी खेळाचा प्रभाव शोधायचा, तर विल्सच्या बालपणापेक्षा त्या नंतरच्या दशकांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.