चार दिवस तंबाखू बंद, मग विम्याची मेडिकल?

‘मेडिकलच्या आधी चार दिवस तंबाखू बंद ठेव, रिपोर्ट क्लीन येतो.’ विमा काढायला निघालेल्या माणसाला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. त्यातलं रसायनशास्त्र बऱ्यापैकी बरोबर आहे. विम्याची बाजू मात्र साफ चुकलेली आहे.

आधी एक गैरसमज. ‘मी सिगारेट ओढत नाही, म्हणजे मी नॉन-स्मोकर.’ 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात 3.8 टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढत होते, तर तब्बल 24.4 टक्के खायची तंबाखू, खर्रा, गुटखा, मिश्री असलं काहीतरी वापरत होते. या दुसऱ्या गटातल्या अनेकांना आपण नॉन-स्मोकर आहोत असं वाटतं. विमा कंपनीचा प्रपोजल फॉर्म साधारणपणे विचारतो तो ‘तंबाखू किंवा निकोटीन, कोणत्याही स्वरूपात’ असा प्रश्न. किती, रोज किती वेळा, किती वर्षं, सोडली असेल तर कधी, हेही विचारतो. टर्म इन्शुरन्समध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीच्या आयुर्विम्यात, या उत्तरावरून दरांचा तक्ताच बदलतो. आरोग्य विम्यात बहुधा मूळ प्रीमियमवर लोडिंग, म्हणजे जादा रक्कम, लागतं किंवा जास्तीच्या तपासण्या मागवल्या जातात. लघवीची कोटिनिन तपासणी (कोटिनिन म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ) टर्मच्या मोठ्या रकमेच्या पॉलिसींत नेहमीची आहे. आरोग्य विम्यात ती वय आणि रक्कम पाहून ठरते.

निकोटीन थेट का मोजत नाहीत? कारण ते फार लवकर निघून जातं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. सकाळी बार लावला आणि दुपारी नमुना दिला, तर हाती फारसं लागत नाही. यकृतातलं सीवायपी-2-ए-6 नावाचं एन्झाइम निकोटीनच्या सुमारे 70 ते 80 टक्के भागाचं कोटिनिन बनवतं, आणि कोटिनिनला निम्मं व्हायला 16 ते 20 तास लागतात. त्यामुळे ते दिवसभर साचत राहतं आणि कालचा-परवाचा वापरही दाखवतं.

आता हिशेब करू. भरपूर तंबाखू खाणाऱ्याच्या लघवीत कोटिनिन मिलिलिटरला काही हजार नॅनोग्रॅम सापडतं. समजा 3200 आहे. पट्टीच्या तपासणीची नेहमीची मर्यादा 200. म्हणजे 3200 चे 1600, 800, 400, 200, असे चार अर्धायुष्यकाल (निम्मं व्हायला लागणारा वेळ) जायला हवेत. 16 तासांच्या दराने 64 तास. पण ज्याचं सीवायपी-2-ए-6 जन्मतःच मंद आहे, त्याचा अर्धायुष्यकाल 24 तास धरला तर 96 तास. हे एन्झाइम किती जोरात चालतं हे जनुकांवर ठरतं, आणि आशियाई लोकसमूहांत मंद प्रकार तुलनेने जास्त आढळतात. उलट, गरोदरपणात ते जास्त वेगाने चालतं. म्हणून ‘माझा मित्र तीन दिवसांत क्लीन झाला’ याला काही अर्थ नाही. मित्राचं यकृत आपल्याला मिळत नाही.

खाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. निकोटीन हा सौम्य अल्क आहे. माध्यम आम्लधर्मी असेल तर त्याचे रेणू प्रभारित होतात आणि गालाच्या आतल्या त्वचेतून सहज आत जात नाहीत. चुना मळला की पीएच वाढतो, प्रभार निघून जातो, आणि निकोटीन झपाट्याने रक्तात उतरतं. तंबाखूला चुना का लागतो, त्याचं उत्तर हे. थुंकीबरोबर जे गिळलं जातं ते आतड्यातून आधी यकृतात पोहोचतं आणि तिथेच त्याचा मोठा भाग कोटिनिन होऊन बाहेर पडतो. म्हणजे ज्या निकोटीनची किक मेंदूला मिळालीच नाही, तेही रिपोर्टमध्ये हजेरी लावतं.

वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, नेमकं उलटं केलेलं असतं. द्रवात बेंझॉइक आम्लासारखं आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार बनवतात. पीएच उतरतो, घशाला खरखर लागत नाही, म्हणून मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमसारखी तीव्र मात्राही ओढता येते. फुप्फुसाचा पृष्ठभाग इतका प्रचंड असतो की तिथे शोषणाची अडचण राहत नाही. ‘ही नुसती पाण्याची वाफ आहे’ ही जाहिरातबाजी आहे. तो प्रोपिलिन ग्लायकोल आणि ग्लिसरीनचा फवारा असतो, आणि त्यातल्या निकोटीनचं यकृत तेच कोटिनिन बनवतं. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठवणूक बंद आहे. म्हणून फॉर्मवर ती लपवायचा मोह आणखी वाढतो.

लिंबूपाणी, हळद, ‘डिटॉक्स’ चहा यांनी सीवायपी-2-ए-6 जागचं हलत नाही. ढसाढसा पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते खरी, पण प्रयोगशाळा क्रिएटिनिन (लघवी किती पातळ आहे ते दाखवणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) पाहते; ते डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली गेलं की नमुना संशयास्पद ठरून पुन्हा मागवला जाऊ शकतो. दुसऱ्या टोकाला ‘वांग्याचं भरीत खाल्लं म्हणून पॉझिटिव्ह आलं’ ही सबब. वांग्यात निकोटीन असतं, पण ग्रॅमला जेमतेम 100 नॅनोग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात सुमारे 1 मिलिग्रॅम जातं. तेवढ्यासाठी दहा किलो वांगी रिचवावी लागतील.

खरी अडचण निकोटीनच्या च्युइंगमवर किंवा पॅचवर असलेल्यांची. तंबाखू सोडलेली असूनही कोटिनिन पॉझिटिव्हच येणार. तंबाखूच्या पानात अ‍ॅनाबेसिन नावाचं निकोटीनसारखंच आणखी एक अल्कलॉइड असतं, औषधी गममध्ये ते नसतं. ते मोजलं तर फरक कळतो. पण ही तपासणी सगळीकडे होत नाही. गम चालू असल्याचं फॉर्मवर लिहावं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. पट्टीचा निकाल पटला नाही तर एलसी-एमएस या जास्त अचूक प्रयोगशाळा-पद्धतीने खातरजमा मागावी, तीही लेखी.

आता चार दिवसांच्या सल्ल्याकडे. तपासणी पाहते मागचे चार दिवस, फॉर्म विचारतो मागचे बारा महिने किंवा त्याहून जास्त. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून ‘नाही’ हे खोटं उत्तर खरं होत नाही. क्लेमच्या वेळी कंपनी जुने केसपेपर मागवते, आणि त्यात कुठल्या तरी डॉक्टरने ‘तंबाखू, 15 वर्षं’ असं लिहून ठेवलेलं असतं. आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिली तीन वर्षं कंपनी या मुद्द्यावर पॉलिसीला आव्हान देऊ शकते. आरोग्य विम्यात हा काळ सलग 60 महिने आहे, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही सुटका नाही.

अमेरिकेत वैयक्तिक आरोग्य विम्यासाठी रीत वेगळी. तिथे मागच्या सहा महिन्यांत आठवड्याला सरासरी चार किंवा जास्त वेळा तंबाखू वापरली तर कंपनी दीडपटीपर्यंत प्रीमियम लावू शकते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासह काही राज्यांत तेही चालत नाही. खोटं सांगितल्याचं उघड झालं तर कंपनी फरकाची रक्कम वसूल करू शकते, पण त्या कारणावरून विमा रद्द करू शकत नाही. आपल्याकडे ही सवलत नाही. त्यामुळे एजंटने भरलेल्या ऑनलाइन फॉर्मवर ओटीपी देण्याआधी तंबाखूच्या रकान्यात काय टिक केलंय ते स्वतः उघडून वाचावं. अनेकदा तिथे न विचारताच ‘नाही’ भरलेलं सापडतं.