दरवाजा हाच स्पीकरचा डबा

नवी गाडी आली की आपल्या मराठवाड्यात पहिली फेरी तुळजापूरला नाहीतर परळीला होते आणि दुसरी कार डेकोरच्या दुकानात. सीट कव्हर, मॅट झाले की विषय स्पीकरवर येतो. हल्ली डेक, म्हणजे डॅशबोर्डमधली म्युझिक सिस्टीम, बदलायला कोणी फारसं तयार नसतं, कारण स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं सगळं त्यालाच जोडलेलं असतं. मग डेक कंपनीचाच ठेवायचा आणि दरवाज्यांतले कंपनीचे स्पीकर काढून खोक्यावर 300 वॅट छापलेले नवे बसवायचे, असं ठरतं. बसवून झाल्यावर आवाज थोडा मोकळा होतो, शब्द स्वच्छ ऐकू येतात. पण ज्या बेससाठी एवढे पैसे मोजले तो होता तेवढाच राहतो, काही वेळा तर कमी होतो. याचं कारण बहुतेक वेळा नव्या स्पीकरमध्ये नसून दरवाज्यात असतं.

आपण वापरतो त्या स्पीकरचा आराखडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तो 1925 मध्ये मांडला. शंकूच्या मुळाशी तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि ती लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी राहते. गाण्याप्रमाणे बदलणारा विद्युतप्रवाह कॉइलमधून गेला की ती पुढे-मागे सरकते, तिच्याबरोबर शंकू हलतो आणि शंकूबरोबर हवा. चुंबकाचे आणि शंकूचे पदार्थ बदलत गेले, पण मूळ रचना तीच राहिली.

या रचनेत एक अडचण जन्मजात आहे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे प्रत्येक स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एकमेकांच्या नेमके उलटे. ते एकत्र आले की एकमेकांना खोडतात. उंच स्वरांचं यात फारसं बिघडत नाही. खर्जाचं, म्हणजे बेसचं, मात्र सगळंच बिघडतं. 100 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेतीन मीटर असते. स्पीकरच्या मागून निघालेली ही लहर शेजारच्या भोकातून पुढे आली, तर तिने घेतलेला वळसा जेमतेम वीतभर असतो. साडेतीन मीटरच्या मानाने तो काहीच नाही, त्यामुळे ती पुढच्या लहरीला गाठते तेव्हा अजून जवळपास उलटीच असते आणि बराचसा बेस तिथेच विरतो. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर खर्ज ऐकूच येत नाही. प्लायवूडच्या मोठ्या तुकड्याला भोक पाडून तोच स्पीकर त्यात बसवला की घुमायला लागतो. घरात जुना स्पीकर पडला असेल तर मुलांना हा प्रयोग जरूर करून दाखवावा.

आता गाडीच्या दरवाज्याचा पॅड काढून आत पाहू. बाहेरचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आतल्या बाजूला दुसरा पत्रा, आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा बसवता यावी म्हणून त्यात तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी भोकं. भोकांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. तो पाणी आणि ओल अडवायला असतो, खर्जाच्या लहरी त्यातून जवळजवळ न अडखळता जातात. घरच्या म्युझिक सिस्टीमचा जो जाड लाकडी, बंद डबा असतो, त्याच्या जागी गाडीत हा दरवाजा आहे. शिवाय अनेक गाड्यांत कंपनी याच दरवाज्याच्या आणि याच स्पीकरच्या मापाने डेकमध्ये स्वर आधीच कमी-जास्त करून ठेवते. नवा स्पीकर बसला की ते माप जुळत नाही.

म्हणून खर्चातला पहिला वाटा दरवाज्याला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. मध्यम किमतीचा स्पीकर आणि नीट बंद केलेला दरवाजा यांची जोडी, महागडा स्पीकर आणि उघड्या दरवाज्यापेक्षा चांगली वाजते.

दरवाज्याचं काम दोन भागांत होतं. आधी बाहेरच्या पत्र्याची थरथर कमी करायची. त्यासाठी ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट मिळते. पत्रा कंप पावला की पत्रा आणि पापुद्रा यांच्यामध्ये रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मधला मोकळा भाग झाकला की बरंचसं काम होतं. बोटाने ठोकून पाहावं, टणटण जाऊन ठप्प असा बसका आवाज आला की पुरे. स्वस्तात म्हणून डांबराची शीट सुचवली तर आपल्याकडे तरी घेऊ नये. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्या तापात डांबर मऊ पडतं, घसरतं आणि गाडीभर वास सुटतो.

दुसरा भाग भोकं बुजवण्याचा. मोठ्या भोकांवर नुसती शीट ताणून लावली तर तीच थरथरते, म्हणून आधी ॲल्युमिनियमचा किंवा कडक प्लॅस्टिकचा तुकडा बसवून वरून शीट लावतात. पुढेमागे काचेची मोटर दुरुस्त करावी लागली तर तो तुकडा निघेल अशी सोय ठेवायला सांगावी.

दरवाज्याच्या तळाशी छोटी छिद्रं असतात, ती मात्र कधीही बुजवू नयेत. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत दरवाज्याच्या आत उतरतंच, गाडीची रचनाच तशी आहे, आणि या छिद्रांतून ते बाहेर पडतं. ती बंद झाली की पाणी साचतं आणि दरवाजा आतून गंजतो. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि चिखल त्यांत आधीच बसलेला असतो, तेव्हा पॅड निघालाच आहे तर ती साफ करून घ्यावीत. आणखी एक काळजी. काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगसाठी दरवाज्याच्या पोकळीतल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. पोकळीची रचना बदलली तर त्याच्या मोजमापावर परिणाम होऊ शकतो. आपल्या गाडीत तो आहे का हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावं, आणि असेल तर भोकं बुजवण्याच्या फंदात पडू नये.

स्पीकर पत्र्यावर बसवताना मध्ये रिंग लागते. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, रिंग स्वस्त असते, पण ओल लागली की फुगते. पावसाळ्याचं पाणी दरवाज्यात येणारच, त्यामुळे प्लॅस्टिकची रिंग बरी. चुंबकाची खोली आधी मोजावी आणि काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला घासत नाही ना हे पाहावं. स्पीकरच्या कडेने पॅडपर्यंत फोमची पट्टी लावली म्हणजे आवाज पॅडच्या मागे न शिरता गाडीत येतो. ही पट्टी काही रुपयांची असते आणि नेमकी तीच लावायची राहून जाते.

आता खोक्यावरच्या वॅटकडे येऊ. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. डेकमधला ॲम्प्लिफायर 4 ओहम रोधाच्या स्पीकरला यापेक्षा जास्त विद्युतदाब देऊ शकत नाही. शुद्ध लहरीचा हिशेब केला तर जास्तीत जास्त 26 वॅट येतात, आणि आतली गळती वजा जाता 18 ते 20 वॅट उरतात. डेकवर छापलेला 50 वॅटचा आकडा लहर पूर्ण चौकोनी झाली, म्हणजे आवाज पार फाटला, तेव्हाचा आहे. वेगळा ॲम्प्लिफायर लावणार नसाल तर 300 वॅट झेलू शकणाऱ्या स्पीकरला तुमच्याकडून 20 वॅटच मिळणार.

पाहायचा आकडा वेगळा आहे. त्याला संवेदनशीलता म्हणतात आणि तो डेसिबलमध्ये दिलेला असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो, हे तो सांगतो. दर 3 डेसिबलला ताकद दुप्पट धरायची. 92 डेसिबलचा स्पीकर 20 वॅटमध्ये जेवढा वाजेल, तेवढा वाजायला 86 डेसिबलच्या स्पीकरला 80 वॅट लागतील. कंपनीचे हलक्या कागदी शंकूचे स्पीकर या बाबतीत अनेकदा चांगले असतात, आणि त्यांच्या जागी जड शंकूचा नवा स्पीकर आला की आवाज दबल्यासारखा वाटतो. मात्र काही उत्पादक हा आकडा एक वॅटऐवजी 2.83 व्होल्टवर मोजून देतात. 4 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे दोन वॅट झाले, तेव्हा त्यातून 3 वजा करूनच तुलना करावी.

92 डेसिबलचा चांगला स्पीकरसुद्धा विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात बदलतो. बाकी सगळी उष्णता होते आणि ती कॉइलला सोसावी लागते. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्याने वाढतो. 45 अंशांच्या दरवाज्यात सुरुवात करून कॉइल आणखी शंभर अंशांनी तापली, तर तिचा रोध जवळपास 35 टक्क्यांनी वाढतो आणि तेवढ्याच विद्युतदाबाला स्पीकर कमी वाजतो. भर उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात गाणं हळूहळू मंदावल्यासारखं वाटतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

शंकूच्या कागदाला नावं ठेवू नयेत. कागद हलका असतो, ताठ असतो आणि स्वतःची थरथर स्वतःच जिरवतो. त्याला भीती पाण्याची, म्हणून दरवाज्यासाठी लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावं. शंकूच्या कडेची लवचिक पट्टी रबराची हवी. फोमची पट्टी उष्णतेने आणि दमटपणाने काही वर्षांत भुगा होते.

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि डबा यांचं नातं गणितात बसवलं. चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात त्यांच्या नावाची मापं असतात. त्यातलं क्यूटीएस, म्हणजे शंकूची हालचाल स्पीकर स्वतः किती आवरतो याचं माप, एवढं एकच पाहिलं तरी चालेल. दरवाजा कितीही बंद केला तरी तो मोठा आणि थोडा गळकाच डबा राहतो. अशा ठिकाणी क्यूटीएस 0.5 ते 0.7 च्या आसपास असलेला स्पीकर शोभतो. 0.3 चा स्पीकर लहान, घट्ट डब्यासाठी असतो, दरवाज्यात त्याचा खर्ज क्षीण पडतो.

उंच स्वर सरळ रेषेत जातात आणि दरवाज्यातला स्पीकर गुडघ्याकडे तोंड करून असतो. त्यामुळे ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला, आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत बसणारा जोड घेता आला तर गायक समोर डॅशबोर्डवर उभा राहिल्यासारखा वाटतो. तेवढं बजेट नसेल तर मधोमध ट्वीटर असलेला साधा कोॲक्सियलही चालतो.

वेगात टायरची घरघर खर्जाच्या पट्ट्यात असते आणि गाण्यातला खर्ज झाकून टाकते. समृद्धीच्या काँक्रीटवर तर हे फारच जाणवतं. अशा वेळी हात आपोआप बेसच्या बटणाकडे जातो. बेस 6 डेसिबलने वाढवला की डेककडून तिथे चौपट ताकद मागितली जाते, ती नसते, लहर वरून-खालून कापली जाते आणि त्या कापलेल्या लहरीतून निघणारे तीक्ष्ण स्वर ट्वीटर जाळतात. डेकमध्ये सोय असेल तर 80 हर्ट्झच्या खालचे स्वर दरवाज्यांना पाठवूच नयेत.

वायर कापू देऊ नये. गाडीच्या मॉडेलचे कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचे तयार प्लग, मिळतात, त्याने वॉरंटीचा वादही टळतो. नवा स्पीकर 4 ओहमचा आहे ना हे पाहावं, 2 ओहमचा लावला तर डेक तापतो. अधिक-उणे सगळीकडे सारखं असावं. एका दरवाज्यात ते उलटं झालं तर डावा शंकू पुढे जाताना उजवा मागे जातो आणि बेस पुन्हा खोडला जातो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कळतं: सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला लावल्यावर शंकू बाहेर यायला हवा.

काम झाल्यावर ऐकायला गोंधळाचं चांगलं ध्वनिमुद्रण लावावं. संबळाचा एक भाग खालच्या स्वराचा, दुसरा वरच्या. जोडीला तुणतुण्याची तार, झांज आणि गोंधळ्याचा मोकळा गळा. जवळपास सगळी सप्तकं त्यात येतात. खालच्या संबळावर काठी पडली की घुमारा उठावा आणि लगेच आवरावा. तो रेंगाळला तर पॅडची एखादी क्लिप सैल आहे किंवा पत्रा अजून थरथरतो आहे. तुणतुणं कानाला टोचलं तर ट्वीटरचा रोख थोडा बदलून पाहावा. मग आवाज एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून दोन्ही दरवाजे वेगवेगळे ऐकावेत, म्हणजे फरक लगेच कळतो.

हे सगळं चारही दरवाज्यांना एकदम करायची गरज नाही. पुढचे दोन आधी करावेत. गाडी चालवणाऱ्याला आणि शेजारी बसणाऱ्याला त्यांचाच आवाज मुख्यतः ऐकू येतो, आणि मागच्या दरवाज्यांत कंपनीचे स्पीकर राहिले तरी चालतात.