स्कीम कोणाची आणि कॉल कोणाचा? डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या वादात होणारी गल्लत

२० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात ओहायो स्टेटने नोटर डेमला ३४-२३ असे हरवून कॉलेज फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि विजयाचे पेढे संपायच्या आत संघाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावफळीचे प्रशिक्षक, जिम नोल्स पेन स्टेटकडे निघून गेले. त्या हंगामात देशात सर्वांत कमी, म्हणजे सामन्याला सरासरी १२.९ गुण देणारी बचावफळी त्यांनी उभी केली होती. साहजिकच कोलंबसमध्ये, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, पुढचा कोऑर्डिनेटर कोण, यावर घराघरांत याद्या तयार झाल्या. हा हुशार आहे, तो तरुण आहे, त्याने व्यावसायिक लीगमध्ये काम केले आहे, तमक्याला खेळाडू मानतात, अशी ती चर्चा होती. या सगळ्या चर्चेत 'कोण' या एकाच शब्दाखाली दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि ते वेगळे न केल्यामुळेच वाद महिनोन्‌महिने चालतो, असे माझे मत आहे. पहिला प्रश्न संघाने कोणत्या पद्धतीने बचाव करावा हा आहे, तर दुसरा त्या पद्धतीतली नेमकी चाल ऐन वेळी कोणी पुकारावी हा. पहिल्या गोष्टीला तिथले लोक 'स्कीम' म्हणतात आणि दुसरीला 'प्ले-कॉलिंग' किंवा नुसते 'कॉल'. (आपल्याकडे स्कीम म्हटले की दिवाळीतली साड्यांची सवलत आठवते; इथे तो अर्थ सोडून द्यावा.)

या खेळाची फारशी ओळख नसलेल्या वाचकासाठी एवढे सांगणे पुरे आहे की, अमेरिकन फुटबॉल हा सलग वाहणारा खेळ नाही. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढच्या प्रयत्नाआधी दोन्ही बाजू आपापली चाल ठरवतात. त्यामुळे एका सामन्यात बचावाच्या कोऑर्डिनेटरला साठ-सत्तर वेळा निर्णय द्यावा लागतो. हे निर्णय ज्या साठ्यातून निवडले जातात तो साठा म्हणजे स्कीम, आणि निवड म्हणजे कॉल.

स्कीममध्ये बरेच काही येते. पुढच्या फळीत किती जण जमिनीला हात टेकून उभे राहणार, मागे खोलवर राखण करणारे सेफ्टी एक असणार की दोन, पास अडवताना प्रत्येक बचावपटू आपापल्या माणसाच्या मागे धावणार की मैदानाचा आपला तुकडा सांभाळणार, क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आक्रमकावर, दबाव आणण्यासाठी चारच माणसे सोडायची की पाच-सहा, हे सगळे तिच्यात ठरलेले असते. त्याशिवाय एक भाग असा, जो प्रेक्षकाला दिसतच नाही: शब्दसंग्रह. प्रत्येक रचनेला नाव असते, प्रत्येक बदलाला इशारा असतो, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना तो सगळा कोश वसंत ऋतूतल्या सरावात पाठ करावा लागतो. म्हणूनच स्कीम बदलणे हे महिन्यांचे, कधी वर्षांचे काम आहे. जड अंगाचा मधला खेळाडू मागणारी रचना आणायची आणि संघात तसा खेळाडूच नाही, असे झाले तर कागदावरची उत्तम स्कीम मैदानावर केविलवाणी दिसते.

कॉल मात्र काही सेकंदांचा मामला आहे, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. एक प्रयत्न संपला की बहुतेक वेळा चाळीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. आक्रमक संघ कोणती माणसे आत पाठवतो आहे हे पाहून कोऑर्डिनेटर आपली माणसे बदलतो. कितवा प्रयत्न आहे, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला आहे, या प्रतिस्पर्ध्याला अशा वेळी काय करायची सवय आहे, हे सगळे मनाशी जुळवून तो एक ओळ उच्चारतो. २०२४ च्या हंगामापासून वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये बचावफळीतल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ही ओळ थेट ऐकू जाते, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. त्यानंतर समोरच्याने एखादा खेळाडू आडवा पळवून रचना बदलली, तर ती पोकळी भरायची जबाबदारी मैदानावरच्या मुलांची. ती त्यांना जमते की नाही हे स्कीम किती पचली आहे यावर ठरते. दोन्ही गोष्टींची सांगड इथेच पडते, आणि चाहत्यांची गल्लतही बहुधा इथेच होते.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ओहायो स्टेटच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, मिशिगनकडे सापडतो. २०१६ ते २०२० या काळात तिथे डॉन ब्राऊन कोऑर्डिनेटर होते. माणसामागे माणूस लावायचा आणि दबावासाठी सढळ हाताने जादा खेळाडू सोडायचे, ही त्यांची रीत होती. सामान्य संघांविरुद्ध ती इतकी चालत असे की, २०१८ च्या नोव्हेंबरात मिशिगनची बचावफळी सर्वांत कमी यार्ड देण्यात देशात पहिली होती. त्याच अवस्थेत ती कोलंबसला गेली आणि ६२-३९ अशी चिरडली गेली. ओहायो स्टेटचे चपळ खेळाडू मैदानाच्या मध्यातून एकमेकांना छेद देत आडवे पळत राहिले आणि त्यांच्या पाठीवर लावलेले बचावपटू प्रत्येक वेळी दोन पावले मागे पडत राहिले. पुढच्या वर्षी, मिशिगनच्या घरच्या मैदानावर, पुन्हा ५६-२७ असा पराभव. तेव्हा ब्राऊन यांचे कॉल चुकतात अशी ओरड होती. पण ज्या साठ्यात छेदत जाणाऱ्या पळापळीला पुरेसे उत्तरच नाही, त्यातून कोणीही काहीही निवडले तरी फार फरक पडला नसता.

२०२० चा हंगाम २-४ असा संपल्यावर मिशिगनने ब्राऊन यांना निरोप दिला आणि प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी भाऊ जॉन हार्बॉ यांच्या बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून माइक मॅक्डॉनल्ड या तेहतीस वर्षांच्या प्रशिक्षकाला आणले. पूर्वी त्याने कधी कोऑर्डिनेटरचे काम केले नव्हते. चाहत्यांच्या यादीत त्याचे नाव वर असण्याचे कारणच नव्हते. पण हार्बॉ यांनी खरे तर एक पद्धत आणली होती: एकाच ठेवणीतून वेगवेगळ्या राखणी करायच्या, सहा जण येणार असे भासवून चारच सोडायचे, आणि क्वार्टरबॅकला चेंडू हातात आल्यावरच खरे चित्र दिसू द्यायचे. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगनने ओहायो स्टेटला ४२-२७ असे हरवले. त्या दिवशी एडन हचिन्सनने क्वार्टरबॅकला तीनदा जमिनीवर पाडले, हे खरेच. असा खेळाडू हाताशी असला की कोणाचीही स्कीम शहाणी दिसते.

हंगाम संपताच मॅक्डॉनल्ड बाल्टिमोरला परतला. आता खरी परीक्षा होती. मिशिगनने जेसी मिंटर यांना घेतले, जे आधी रेव्हन्समध्येच साहाय्यक होते. माणूस बदलला, कोश तोच राहिला. ओहायो स्टेटविरुद्ध २०२२ मध्ये ४५-२३, २०२३ मध्ये ३०-२४, आणि शेवटी ८ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध ३४-१३ असा विजेतेपदाचा विजय. मिंटर हार्बॉंबरोबर लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे गेल्यावर मिशिगनने आणले ते डॉन 'विंक' मार्टिन्डेल यांना, ज्यांच्या हाताखाली मॅक्डॉनल्ड बाल्टिमोरमध्ये शिकला होता. २०२४ चा हंगाम ८-५ असा बेताचाच गेला, पण कोलंबसमध्ये त्यांच्या बचावफळीने ओहायो स्टेटला दहा गुणांवर रोखले आणि मिशिगनने १३-१० असा सामना जिंकला. चार वर्षांत तीन नावे आणि मुळात एकच घराणे. अर्थात घराणे एक असले तरी गायकी वेगळी असू शकते. मार्टिन्डेल यांचा दबावाकडे कल मिंटर यांच्यापेक्षा जास्त होता, आणि तो फरक कॉलचा होता.

ओहायो स्टेटने नेमके उलटे अनुभवले. २०१९ मध्ये जेफ हाफ्ली यांनी ग्रेग मॅटिसन यांच्या जोडीने, मागे एकच सेफ्टी ठेवणारी साधी, नेटकी पद्धत बसवली आणि ती उत्कृष्ट चालली. हाफ्ली बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक झाल्यावर केरी कूम्स आले आणि पद्धत साधारण तशीच ठेवली गेली. स्कीम टिकली म्हणजे सगळे टिकले, असा समज इथे खोटा ठरला. ११ जानेवारी २०२१ च्या अंतिम सामन्यात अलाबामाच्या डेव्हॉन्टा स्मिथने पहिल्या अर्ध्यातच बारा झेल आणि २१५ यार्ड घेतले. त्यातल्या एका टचडाउनला (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवण्याला) देशातल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एकाच्या मागे एक लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला तुलनेने जड बचावपटू, एकटा धावताना दिसला, आणि ते दृश्य कोलंबसमध्ये अजून कोणी विसरलेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओरेगनने ओहायो स्टेटला तिच्याच मैदानावर ३५-२८ असे हरवले, तेही मैदानाच्या अरुंद बाजूला जवळपास एकाच प्रकारची धाव पुन्हा पुन्हा काढून.

त्यावर मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. त्यांनी कूम्स यांचे पद काढले नाही. फक्त कॉल देण्याचे काम मॅट बार्न्स यांच्याकडे सोपवले. म्हणजे दारावरची पाटी एकाची आणि आवाज दुसऱ्याचा. कॉल देणारा आठवड्यात बदलता येतो, स्कीम नाही, हे त्या हंगामात ढळढळीत दिसले. पद्धतीची थोडीफार डागडुजी झाली, पुढचे नऊ सामने संघाने जिंकले, आणि मग मिशिगनने अॅन आर्बरमध्ये, आपल्या घरी, २९७ यार्ड नुसते धावत काढले. उसन्या डागडुजीची मुदत तिथे संपली.

नोल्स यांना ओक्लाहोमा स्टेटमधून आणले गेले ते या पार्श्वभूमीवर, आणि त्यांच्याबरोबर चार-दोन-पाच (पुढे चार, मध्ये दोन, मागे पाच) अशी ठेवणही आली. अर्धा लाइनमन (पुढच्या फळीतला), अर्धा लाइनबॅकर असा 'जॅक' हा खेळाडू त्या पद्धतीचे वैशिष्ट्य मानला जात असे. ओहायो स्टेटमध्ये ती जागा फारशी रुजली नाही. २०२२ मध्ये मिशिगनने त्यांच्याविरुद्ध ६९, ७५, ४५, ७५ आणि ८५ यार्डांचे टचडाउन केले. हा आकड्यांचा क्रम नीट पाहावा. कणाकणाने झीज होऊन हरलेला हा सामना नव्हता. अनेक प्रयत्न नीट अडवले गेले आणि पाच वेळा बांधच फुटला, कारण धोका पत्करून माणसे पुढे सरकवली की मागे आधाराला कोणी उरत नाही. नोल्स यांनी पुढच्या वर्षी स्कीम टाकून दिली नाही. त्यांनी धोक्याचे कॉल कमी केले. बांध फुटणे जवळजवळ थांबले. तरीही २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ओरेगनने ३२-३१ असे हरवल्यावर त्यांना हाकला असे म्हणणारे कमी नव्हते, आणि तीन महिन्यांनी तेच नोल्स विजेत्या संघाचे शिल्पकार ठरले.

या उदाहरणांवरून सामना पाहताना एक ढोबळ खूण हाती लागते. समोरचा संघ एकच गोष्ट पहिल्या सत्रात, तिसऱ्या सत्रात, कोणत्याही प्रयत्नाला करतो आहे आणि ती दर वेळी चालते आहे, तर दोष बहुधा स्कीमचा असतो किंवा ती पेलणाऱ्या खेळाडूंचा. बराच वेळ बचाव भक्कम आणि मधेच तीन-चार मोठे स्फोट, असे असेल तर कॉलकडे पाहावे. आणि बचावपटू योग्य जागी पोचून, योग्य माणसाला धरून, हातून निसटू देत असेल, तर दोन्हीकडे बोट दाखवू नये. तो टॅकलिंगचा, म्हणजे धरून पाडण्याचा, प्रश्न आहे, जरी दूरचित्रवाणीचा कॅमेरा त्या क्षणी नेमका कोऑर्डिनेटरच्या चेहऱ्यावर जात असला तरी.

मुख्य प्रशिक्षक कोण आहे यावरही उत्तर पालटते. अलाबामात निक सेबन असताना कर्बी स्मार्ट, जेरेमी प्रुइट, टॉश लुपोई, पीट गोल्डिंग, केव्हिन स्टील असे कोऑर्डिनेटर होऊन गेले. स्कीम मात्र सेबन यांचीच, त्यांनी स्वतः क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्या हाताखाली घडवलेली. तिथल्या चाहत्याने 'नवा माणूस कोणती पद्धत आणेल' असे विचारण्यात अर्थ नव्हता. कॉल कोण चांगला देईल एवढाच प्रश्न शिल्लक होता. रायन डे यांचा पिंड आक्रमणाचा. त्यामुळे कोलंबसमध्ये कोऑर्डिनेटर नेमताना दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून विकत घ्याव्या लागतात, आणि म्हणून तिथला वाद अधिक तापतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत डे यांनी मॅट पॅट्रिशिया यांना निवडले. बेलिचिक यांच्या पॅट्रियट्स या व्यावसायिक संघात ते सहा हंगाम डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते, पण बहुतेकांना आठवत होती ती डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघातली मुख्य प्रशिक्षकपदाची १३ विजय आणि २९ पराभवांची कारकीर्द. ती कारकीर्द कॉलबद्दल फारसे काही सांगत नव्हती आणि स्कीमबद्दल त्याहून कमी. ती संघ चालवण्याबद्दल सांगत होती, जे काम त्यांना इथे दिलेलेच नव्हते. ३० ऑगस्टला त्यांच्या बचावफळीने टेक्सासला ७ गुणांवर रोखले आणि नोव्हेंबरअखेर अॅन आर्बरमध्ये मिशिगनला ९ वर. तिकडे नोल्स आपली स्कीम आणि आपला आवाज दोन्ही घेऊन पेन स्टेटला गेले होते. ४ ऑक्टोबरला, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने त्यांच्या बचावफळीवर ४२ गुण चढवले, आणि पुढच्या आठवड्यात पेन स्टेटने मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांनाच काढले.